तवाबच्या फोटोला हार

शनिवार पेठ, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

अवनी,

'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिण्याइतके आपले संबंध सध्या उत्तम नाहीत, तरी आशीर्वाद आहेतच. घ्यायचे की नाही ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, उत्तर देत नाहीस. पोस्टमनला मात्र दारातून परत पाठवणार नाहीस, तेवढे संस्कार मी केलेत. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की शिबिर झालं. तुझ्याशिवाय झालं. कोंढव्यातल्या अफगाण बायका येणार नाहीत, आल्या तरी तोंड उघडणार नाहीत, असं भाकीत करून तू दिल्लीच्या त्या निर्वासित केंद्रात निघून गेलीस. त्या आल्या, आणि बोलल्याही. शेजारच्या घरात कोणी झोपत नसेल, जेवत नसेल, भिंतीकडे बघत बसत असेल, तर तिच्याशी बोलायचं कसं आणि डॉक्टरकडे न्यायचं केव्हा, हे त्यांच्यातल्याच बायकांना शिकवावं ही मूळ कल्पना तुझी होती, हे मी भाषणात सांगितलं. नाव घेतलं नाही. 'एका तरुण सहकारी मैत्रिणीची' असं म्हणाले.

ज्यावरून तू भांडलीस ते सगळं मी लक्षात ठेवलं होतं बरं का. हळदीकुंकवाचं तबक ठेवलं नाही. दुधाचा चहा नको, वेलदोडा घातलेला हिरवा चहा हवा, तो केला. मागची खोली नमाजासाठी रिकामी ठेवली. 'परक्या संस्कृतीशी वागताना' हे प्रकरण संस्थेच्या शिबिर-पुस्तिकेत मीच लिहिलंय, ते मला कोणी समजावून द्यायला नको.

शेवटचं सत्र 'आठवणींचा दिवा'. मागे राहिलेल्या एका गोष्टीचं चित्र प्रत्येकीने आणायचं, त्याच्यापुढे पणती लावायची, फूल ठेवायचं. कोणी घराचं आणलं, कोणी शाळेचं, एकीने तुतीच्या झाडाचं. मस्तूराने नवऱ्याचा फोटो आणला. ही मस्तूरा शिवणकाम करते, हिंदी छान बोलते, म्हाताऱ्या सासूबरोबर राहते. चार वर्षांपूर्वी नवऱ्याने, तवाबने, ह्या दोघींना पुढे पाठवलं आणि तो मागून निघाला. सीमेजवळून एक फोन आला. त्यानंतर काहीच नाही. मंडईतल्या फुलवालीने सुट्ट्या फुलांबरोबर शेवंतीचा एक हार दिला होता, तो मी स्वतः तवाबच्या फोटोला घातला. मस्तूराने माझे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडली. मग सगळ्याच रडल्या. आमच्या संस्थेच्या अध्यक्ष विजयमालाबाईसुद्धा, ज्या स्वतःच्या आईच्या तेराव्याला रडल्या नव्हत्या.

फोटो सोबत पाठवतेय. बघ आणि कळव. नाही कळवलंस तरी माझं काही अडत नाही.

आई

*

१६ नोव्हेंबर

अवनी,

थंडी पडली. बाबांनी तुझी गोधडी उन्हात घातली आणि परत घडी करून ठेवली. मी काही बोलले नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही. आमचं हल्ली असंच चालतं.

मागच्या पत्राचं उत्तर नाही. ठीक आहे. तुझा राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. पुस्तिकेच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणालीस, 'आई, तू त्यांना विचारत नाहीस, सांगतेस.' त्यावर मीही सगळ्यांदेखत म्हणाले, की कॉलेजात जन्मभर मानसशास्त्र शिकवलेल्या बाईला दोन वर्षांच्या कोर्सवाल्यांनी शिकवू नये. आवाज चढला होता, कबूल. मुद्दा चुकीचा होता असं मला अजून वाटत नाही.

मस्तूरा ह्या आठवड्याच्या बैठकीला आली नाही. फोन बंद लागतो. थोडासा गैरसमज झाल्याचं कानावर आलंय. त्यांच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, नंदा नावाची, त्या बाईचं काहीतरी. तपशील फार मोठा नाही, निस्तरेन मी.

सहज विचारते. तुमच्या केंद्रात अशा बायका येत असतील, ज्यांच्या माणसांचा ठावठिकाणा नाही. त्या माणसाबद्दल तुम्ही बोलताना 'आहे' म्हणता की 'होता'? पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीसाठी हवंय. दुसरं काही नाही.

आई

*

१९ नोव्हेंबर

अवनी,

तुझं पाकीट काल आलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी आणून दिलं. आत पत्र असेल म्हणून मी चष्मा पुसला. निघाला तो मीच पाठवलेला फोटो, हाराभोवती पेनने गोल काढलेला आणि मागे तुझं अक्षर, 'आई, हार का?'

मी जेवले नाही. खोटं कशाला लिहू, रात्री जेवले. पण दुपारी घास उतरला नाही.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात 'थोडासा गैरसमज' लिहिलं ते लिहितानाच मला माहीत होतं की तो थोडासा नाही.

मस्तूराने तो फोटो स्टेटसला ठेवला. कौतुकाने ठेवला गं. नवऱ्याचा फोटो, फुलं, दिवा, शेजारी ती स्वतः. तो नंदाने पाहिला. मी नंदाला जाऊन भेटले, भांडायच्याच तयारीने गेले होते. ती म्हणाली, "मला काय ठावं बाई? फोटूला हार दिसला, म्होरं दिवा दिसला. आमच्यात जित्या माणसाच्या फोटूला कोन हार घालतंय व्हय? मी म्हनलं, बातमी आली असंल. पोरगी एकटी हाय, वर चूल पेटली नसंल." आणि ती पिठलं-भात करून वर घेऊन गेली. दारातच पदर डोळ्याला लावून रडली. सुतक पडलेल्या घरी शेजारणीने करायचं ते सगळं तिने केलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मस्तूरा शिवणाचे कपडे पोचवायला बाहेर गेली होती. घरात सासू एकटीच. सगळे तिला बीबीजान म्हणतात. तिला हिंदी फार येत नाही, पण मुलाच्या फोटोवर बोट ठेवून रडणारी बाई कळायला हिंदी कशाला लागते? तिने एवढाच अर्थ काढला, की खबर आलीय आणि सून आपल्यापासून लपवतेय. संध्याकाळपर्यंत आजूबाजूची अफगाण घरं येऊन बसली. गेलेल्यासाठी फातिहा वाचायला सुरुवात झाली. मस्तूरा सांगत राहिली, खबर नाही, खबर नाही. ती फातिहाला बसेना, म्हणून लोक म्हणाले, ही दगड आहे.

ती चार वर्षं कशावर उभी होती, तर तवाब कुठेतरी आहे ह्यावर. त्याला इकडे बोलवायचा अर्ज तिने करून ठेवलाय, त्याच्यासाठी एक कोट शिवून ठेवलाय. आता तिच्याच घरात तो मेलाय, आणि कोणी मारला म्हणशील तर मी.

तू विचारलंस, हार का. पुस्तिकेत हार नाही. पणती आणि फूल आहे. तुतीच्या झाडाला मी हार घातला नाही, शाळेला घातला नाही. मी लहान असताना आप्पांच्या फोटोला गजरा अडकवला होता, आप्पा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. आईने असा फटका मारला की हात लाल झाला. हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही, हात आपोआप थांबतो. त्या दिवशी तो थांबला नाही, कारण मी मनात तवाबला केव्हाच पोचवला होता. चार वर्षं, ती सीमा, ती माणसं, मग आणखी काय होणार, असं मी ठरवून मोकळी झाले होते. बायकोला विचारलं नाही, आईला विचारलं नाही.

लाज वाटते, अवनी. तोंड लपवावंसं वाटतं. मंडईत त्या फुलवालीसमोरून जात नाही, लांबून वळसा घालून जाते. तिचा काय दोष?

आई

*

२४ नोव्हेंबर

अवनी,

काल गेले होते. विजयमालाबाई म्हणाल्या, "नीरजाताई, उगाच जाऊन चिघळवू नका, आपला अहवाल पुढे गेलाय. चार दिवसांनी होईल शांत." मी म्हणाले, "तुमच्याकडे कोणी गेल्यावर तुम्ही चार दिवसांत शांत होता, तसं का?" त्यांनी फोन ठेवला. माझी जीभ तेवढी अजून शाबूत आहे, तिचा उपयोग मात्र चुकीच्या ठिकाणी होतो.

खोलीत भिंतीला लागून गाद्या, त्यांवर सात-आठ बायका. शिबिरातल्या दोघी त्यांत होत्या, त्यांनी मान खाली घातली. एरवी त्यांच्याकडे पाऊल टाकायच्या आत हातात चहा येतो. काल चहा आला नाही. बीबीजान खिडकीखाली बसली होती, हातात तसबी, त्यांची जपमाळ. मी खाली बसले. गुडघे कुरकुरले ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मी हिंदीत बोलले, मस्तूरा तिच्या भाषेत सांगत गेली. मी म्हणाले, "मला कसलीच खबर नाही. कोणालाच नाही. आमच्यात गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. मी न विचारता घातला. चूक माझी आहे, तुमच्या सुनेची नाही. तिने काही लपवलं नाही."

वाटेत रिक्षात मी हे पाठ केलं होतं. आणि खरं सांगते, बोलून झाल्यावर मला जरा हलकं वाटलं. माफी मागितली की आपलं काम झालं, आता समोरच्याने ती पदरात घ्यायची, असं मला वाटत असावं.

बीबीजान बोलायला लागली, खाली बघत, न थांबता. मस्तूराने तिचं बोलणं सांगितलं. सासूने आपल्याबद्दल काढलेले शब्दही तिने गाळले नाहीत, आवाजही हलू दिला नाही.

"चार वर्षं हिने मला रडू दिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, बीबीजान, रडू नका, तो यायचाय, तुमचं रडणं वाटेत त्याला बाधेल. मी पोटात ठेवलं. रात्री उशी तोंडात धरली. मग ती खालची बाई जेवण घेऊन आली आणि मी रडले. दहा दिवस पोटभर रडले. माझ्या मुलासाठी लोक आले, फातिहा झाली. चार वर्षांनी मला झोप लागली. आता तू येतेस आणि म्हणतेस, खबर नाही. मग मी रडले ते कोणासाठी? जिवंत मुलासाठी मी मेल्याचं रडले का? ते परत कसं घेऊ, तू शिकलेली आहेस, सांग."

अवनी, एकीचा नवरा परत आणून द्यायला गेले होते आणि दुसरीची झोप काढून घेतली.

शेवटी बीबीजान एक वाक्य बोलली ते मस्तूराने सांगितलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "ते माझ्यासाठी आहे." दारापर्यंत मला सोडायला आली तेव्हा सांगितलं. बीबीजान म्हणाली होती, तुला थांबायचं तर थांब, मला आता नाही थांबवत. ती आज भाचीकडे जाणार, हडपसरला. चार वर्षं ह्या दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं.

"मॅडम," मस्तूरा म्हणाली, "त्या दिवशी मी का रडले माहीत आहे? आमच्याकडे हजहून परत आलेल्याला हार घालतात. नवरदेवाला घालतात. लांबून आलेल्या पाहुण्याला घालतात. मला वाटलं, तुम्ही त्याच्या येण्याचा हार घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी वाटलं, की तो येईल."

आणि मी तुला लिहिलं होतं, ती ढसाढसा रडली म्हणून. मिरवत लिहिलं होतं.

आई

*

६ डिसेंबर

अवनी,

बाबांकडे तुझा फोन येतो हे मला कळलंय. ते गॅलरीत जाऊन बोलतात आणि आत येऊन भाजी चिरायला घेतात. मी विचारत नाही. हे विचारायचा हक्क मी घालवलाय.

गेल्या आठवड्यात लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिक्षकांपुढे आमची पुस्तिका वाटायची होती. मी उभी राहिले आणि सांगितलं, 'आठवणींचा दिवा' हे सत्र मी मागे घेतेय, का घेतेय तेही सांगितलं. मग एका प्राध्यापकांनी विचारलं, "पण त्याने बायका मोकळ्या झाल्या ना?" विजयमालाबाईंनी घाईघाईने आभार मानले. परतताना गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही. ह्याबद्दल मला शाबासकी नको, हा प्रसंग तुला कळावा एवढ्यासाठी लिहिते.

आज दुपारी मस्तूरा घरी आली होती. पहिल्यांदाच. जिना चढून दमली होती. मी हिरवा चहा केला, तो जास्त उकळून कडू झाला, तिने निमूट प्यायला.

मग म्हणाली, "बीबीजान भाचीकडे काही खात नाही. ना मेलेल्यासाठी दुआ मागते, ना जिवंतासाठी. म्हणते, ज्या हाताने हार घातला त्या बाईच्या मनात काय होतं ते विचारून ये. ती मोठी बाई आहे, तिने काहीतरी जाणलं असेल. ती सांगेल ते मी मानेन. मेलाय म्हणाली तर रडेन, येणार म्हणाली तर घरी येईन." पेला खाली ठेवून ती म्हणाली, "मी तिला सांगितलंय, तुमच्याकडे तो गेलेल्याचा असला तरी तुम्ही आमच्या रिवाजाने घातला. येण्याचा हार. मॅडम, तसंच ना?"

अवनी, ती माझ्याकडे बघत होती. तुला माहीत आहे मी किती पटकन बोलते, पण मी पटकन बोलले नाही. मला वाटलं, आता तरी खरं बोलावं. ह्या मुलीला मी एकदा फसवलंय, आता पुन्हा नाही. मनात तुझा चेहराही आला, की अवनीला हे लिहिता येईल, की तुझी आई खोटं बोलली नाही.

मी म्हणाले, "नाही. मला वाटलं होतं, तो गेला."

ती ओढणी सारखी करत म्हणाली, "मला माहीत होतं. नंदाताईने हाराचं सांगितलं त्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हणाले, "मग विचारलंस का?"

"तुम्ही 'हो' म्हणाल म्हणून. बीबीजान खाली रिक्षात बसलीय. तुमच्या तोंडचा शब्द तिला सांगितला असता आणि घरी घेऊन गेले असते."

मी उठले. म्हणाले, "मी येते खाली. मी सांगते तिला, तो येणार आहे. आत्ता सांगते." चपला शोधायला लागले. एक चप्पल सापडेना.

मस्तूराने माझा दंड धरला, जोर न लावता. "मी सांगते तिला. 'हो' म्हणाल्या म्हणून सांगते. तुम्ही फक्त खाली येऊ नका, मॅडम. तुमचा चेहरा बघितला तर तिला कळेल."

ती गेली. मी गॅलरीच्या दाराआड उभी राहिले. रिक्षा बराच वेळ तशीच उभी होती. मग सुरू झाली आणि वळली. ती कोंढव्याकडे गेली की हडपसरकडे, ते वरून दिसत नाही.

आई